ओव्हरब्रिजइतका उतार

रायपूरला चढ नाही. म्हणजे नाहीच. लहानपणी सायकल शिकताना पॅडल न मारता सुसाट सुटायचं असेल तर एकच जागा होती, रेल्वेचा ओव्हरब्रिज. बाकी सगळं गाव परातीसारखं सपाट. मी नागपूरला आर्किटेक्चर शिकून परत आले तेव्हा राज्य नवंकोरं होतं, रायपूर राजधानी झालं होतं आणि जो तो घर बांधत सुटला होता. मला कामं भरपूर मिळाली, पण सगळी एकाच साच्यातली. सपाट प्लॉट, पुढं गाडीला जागा, वर जाडजूड खांब, आणि वरून दर्शनी भागाची फर्माईश, "दीदी, एलिव्हेशन ऐसा दो कि पूरा मोहल्ला देखता रह जाए." मी ते करून द्यायची आणि घरी येऊन भांडी आपटायची. आई म्हणायची, "पोट्टी घरं दुसऱ्याची बांधून राहिली अन् राग आमच्यावर काढून राहिली."

आम्ही तेव्हा शंकर नगरात भाड्यानं राहत होतो. आई, बाबा, भाऊ, वहिनी आणि मी. बाबा रेल्वेतून रिटायर झालेले. सगळी नोकरी रुळांच्या देखभालीत गेली. आईचं माहेर-सासर दोन्ही वऱ्हाडातलं. वहिनी मात्र पक्की रायपूरची, पुरानी बस्तीतल्या जुन्या मराठी घरातली. तिला मराठी सगळं कळायचं, पण उत्तर हिंदीत. आई वऱ्हाडीत विचारणार, वहिनी हिंदीत सांगणार, आणि दोघींना त्यात काही वावगं वाटायचं नाही. घरमालकाला तिथं ऑफिस काढायचं होतं, त्यामुळे घर सोडायचं होतं हे ठरलेलंच होतं. कुठं जायचं एवढंच बाकी होतं.

आणि बाबांनी आम्हाला न विचारता प्लॉट घेऊन टाकला. शहराबाहेर एक छोटी डोंगरी आहे, तिच्या अंगावरून रस्ता जातो. त्या रस्त्याच्या खालच्या अंगाला. प्लॉट कसला, घसरगुंडीच ती! बाबा सकाळी वाऱ्याला तिथं उभे राहिले, समोर तळं आणि धानाची शेतं दिसली, पार दूर बीरगांवकडच्या कारखान्यांच्या चिमण्यांचा धूर दिसला, आणि गडी भुलला. मी प्लॉट पाहिला आणि मला तर नाचावंसं वाटलं. चढ! माझ्या वाट्याला एकदाचा चढ आला होता!

आईला दाखवायला नेलं. ती रस्त्यावरून जेमतेम खाली उतरली, चप्पल घसरली, वहिनीचा हात धरून परत वर आली आणि रस्त्याखालच्या पुलियाच्या, छोट्या मोरीच्या, कठड्यावर बसली. पदरानं तोंड पुसलं. "छान आहे," म्हणाली. "हे घर आहे की बकऱ्या बांधाची जागा?"

"अवो, हवा पाहा नं किती छान आहे," बाबा म्हणाले.

"हवा खाऊन राहा तुम्ही. मी चालली."

आता इथं आमच्या महालक्ष्म्यांबद्दल सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यांच्यावरून झालं. भाद्रपदात आमच्याकडं महालक्ष्म्या बसतात, ज्येष्ठा आणि कनिष्ठा. पितळेचे मुखवटे आहेत, चांगले जड. पहिल्या दिवशी बाहेर तुळशीपाशी पूजा करून त्या घरात आणायच्या. एक आईच्या हातात, एक वहिनीच्या. जमिनीवर कुंकवाची पावलं काढलेली असतात, त्यांवरून चालायचं. आणि सरळ नेऊन बसवायचं नाही, आधी सगळं घर दाखवायचं. हे स्वयंपाकघर, ही धान्याची कोठी, हे कपाट, ही झोपायची खोली. एकही खोली सुटता कामा नये. आणि एकदा उचलल्या की जागेवर बसवेपर्यंत मध्ये कुठं टेकवायच्या नाहीत. मी थाळी वाजवत पुढं चालायची आणि दर दारात विचारायची, "कोण आलं?" मागून उत्तर यायचं, "महालक्ष्मी आली!" "कशाच्या पावलानं आली?" "सोन्याच्या पावलानं!"

मी कायम थाळीवालीच. लहानपणी मी एकदा हट्ट केला होता की मलाही उचलायचंय. तर आई म्हणाली, "लेकीनं आणली तं लेकीसंगं सासरी निघून जाते. सुनांनीच आणायची." पुढं मी सासरी गेलेच नाही, लग्नाचा योग काही आला नाही आणि मी त्याला बोलवायलाही गेले नाही. नियम मात्र तोच राहिला. थाळी मी झकास वाजवते, हे सगळे कबूल करतात.

तर, मी कामाला लागले. रात्रंदिवस डोक्यात तो उतार. रस्त्यावरून घरात शिरायचं, मग पायऱ्यांनी खाली बैठक, आणखी खाली स्वयंपाकघर, आणखी खाली झोपायच्या खोल्या, आणि सगळ्यात खाली, सकाळचं ऊन थेट आत येईल असं देवघर. घर डोंगरीवरून पाण्यासारखं खाली उतरत जाणार. मी पांढऱ्या पुठ्ठ्याचं मॉडेल केलं, एकेक पायरी कापून चिकटवली. इतकं सुंदर झालं होतं ते की मी त्याच्याकडं बघतच बसायची. रविवारी जेवणं झाल्यावर टेबलावर मांडलं आणि सगळ्यांना बोलावलं.

बाबा चष्मा लावून भोवती फिरले. भाऊ म्हणाला, "एकदम हॉटेल दिसते." वहिनी म्हणाली, "दीदी, बहुत क्यूट है." आई मात्र उठली, देवापुढच्या हळदीकुंकवाच्या दोन डब्या घेऊन आली आणि दोन बोटांनी त्या मॉडेलच्या दारात उभ्या केल्या.

"ह्या आल्या महालक्ष्म्या," म्हणाली. "आता कुठं जातील?"

"खाली. बैठकीत."

तिनं डब्या एकेक पायरी उतरवायला सुरुवात केली. पुठ्ठ्याच्या पायऱ्या त्या केवढ्या! दुसऱ्याच पायरीवर कुंकवाची डबी कलंडली, झाकण उडालं, आणि डबी बैठकीतून स्वयंपाकघरात, स्वयंपाकघरातून झोपायच्या खोल्यांत, अशी गडगडत थेट देवघरात जाऊन पडली. माझं पांढरंशुभ्र मॉडेल वरपासून खालपर्यंत लालभडक!

"अव माय!" आई म्हणाली. "डबी नाही उतरत, तं मी काय उतरीन?"

सगळे हसले. मी नाही हसले. माझं डोकं सटकलं होतं. "आई, हे बघ, दोन्ही बाजूनं रेलिंग आहे. धरून उतरायचं."

"कोणत्या हातानं?"

"म्हणजे?"

तिनं दोन्ही हात पुढं करून ओंजळ केली, मुखवटा धरतात तशी. "एक हात हिच्याखाली. दुसराही हिच्याखाली. आता सांग, रेलिंग कोणत्या हातानं धरू?"

मी तिच्या ओंजळीकडं बघितलं. पाच वर्षं कॉलेजात घालवली, रेलिंगची उंची किती, जाडी किती, दोन गजांत अंतर किती, सगळं तोंडपाठ. पण घरात माणसं हात भरून वावरतात हे काही कोणी शिकवलं नव्हतं. आईचे गुडघे तिला किती छळतात हे मला माहीत होतं, पण ती त्याबद्दल कधी चकार शब्द काढायची नाही. आताही गुडघ्यांचं नाव न काढता म्हणाली, "हे पाहा, तुम्ही बांधा खुशाल. मी येईन राहायला. पण महालक्ष्म्या मी अकोल्याच्या जावेकडं देऊन टाकीन. तिचं घर सपाट आहे. माझ्यानं हातात घेऊन फिरणं झालं नाही तं ठेवून काय करू?"

आता हसायचं सगळ्यांचंच थांबलं. महालक्ष्म्या आमच्या घरातून गेल्या तर आईचं काय होईल हे कोणी कोणाला सांगायची गरज नव्हती. ती सणाच्या दिवसांत वीस वर्षांनी लहान होते. पुरणाचा घमघमाट, सोळा भाज्या, आंबील, हे सगळं ती एकटीच्या हिमतीवर ओढायची आणि वर गाणी म्हणायची. तिला त्या घरात महालक्ष्म्यांशिवाय बसलेली मला डोळ्यांपुढं आणवेना. बाबा तर एवढंसं तोंड करून बाहेर झाडांना पाणी घालायला निघून गेले. सकाळी एकदा घालून झालं होतं.

मी रागारागानं नकाशावरचं सगळं रेलिंग खोडून टाकलं. जे धरताच येत नाही ते कशाला पाहिजे? पायऱ्याही खोडल्या. मग कोरा कागद घेऊन बसले, आणि काही सुचेना. असे चार दिवस गेले. वहिनी चहा ठेवून जायची, "दीदी, ठंडा हो जाएगा," आणि चहा थंड व्हायचा.

शेवटी बाबा शेजारी येऊन बसले. "तू पाण्यासारखी उतरून राहिली," म्हणाले. "घाटात गाडी अशी उतरते का? सरळ उतरवली तं पोचते, पण दरीत. चढाव तोडायचा नसते. लांबवायचा असते. डोंगराला आडवं जायचं."

"बाबा, मला आर्किटेक्चर नका शिकवू."

"नाही शिकवत. मी आपलं रुळाचं सांगून राहिलो."

ते गेले, आणि मी पेन्सिल आडवी ठेवली. अगदी खरं सांगते, कागदावर पेन्सिल आडवी ठेवली आणि तीच घर दिसली. उताराला आडवं, रस्त्याला समांतर, लांबच लांब घर. एका टोकाला बैठक, स्वयंपाकघर आणि देवघर, मध्ये आईबाबा, मी, दुसऱ्या टोकाला भाऊ-वहिनी. खोल्या सपाट. त्यांना जोडणारी एकच रुंद गल्ली, दोन बायका शेजारी शेजारी चालतील एवढी, आणि ती रस्त्याबरोबर हळूहळू उतरत जाणारी. डोंगरी ज्या बाजूला कलली आहे त्या बाजूला घरही कलणार. पायरी म्हणून एक नाही.

आईला दाखवलं. "अख्खा जन्म रेल्वेत काढला," ती म्हणाली, "आता म्हातारपणी डब्ब्यात राहू का?" पण कागद तिनं हातातून सोडला नाही. बोट गल्लीवरून फिरवलं. "हा उतार किती?"

मी आकडा सांगितला. आकड्यानं तिला काय कळणार! मी हात तिरपा करून दाखवला. ती म्हणाली, "हात दाखवू नको. जागा दाखव."

आता रायपुरात उताराची जागा कोणती? एकच!

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही तिघी ओव्हरब्रिजवर. आईच्या हातात गव्हानं भरलेला पितळेचा डबा, दोन्ही हातांनी पोटाशी धरलेला, मुखवट्याएवढाच जड. वहिनी दुसरा डबा घेऊन शेजारी. मी टेप घेऊन मागं. पुलाच्या कडेच्या फुटपाथवरून आई चालू लागली आणि सगळी रहदारी आमच्याकडं बघायला लागली. एक रिक्षावाला थांबलाच, "माताजी, कहाँ जाना है? बैठो ना." आई म्हणाली, "कहीं नहीं जाना है बापा, चलके देख रहे हैं." तो बिचारा डोकं खाजवत गेला. मग एक स्कूटरवाले काका, मग एक पोलीस. पोलिसाला वहिनीनं सांगितलं, "भैया, हमारा घर बन रहा है." त्यानं पुलाच्या खाली वाकून पाहिलं, घर कुठं बनतंय ते. मला इतकं हसू आलं की टेप हातातून सुटला आणि घरंगळत निघाला. त्याच्यामागं मी. मागून आई ओरडली, "पाह्य, पाह्य, उतार आहे बरं!"

ती चढली, वर कुठं न टेकता वळली, आणि उतरली. खाली आल्यावर डबा माझ्या हातात दिला, कंबरेवर हात ठेवून उभी राहिली आणि श्वास घेतला.

"इतका चालते," म्हणाली. "पण याच्याहून तसूभरही जास्त नाही हं. नाही तं अकोला."

त्या दिवसापासून ओव्हरब्रिज आमच्या घराचं माप झाला. बांधताना मिस्त्री विचारायचा, "दीदी, ढलान कितना?" आणि बाबा माझ्याआधी सांगायचे, "ओव्हरब्रिज जितना." बाबा रोज तिथंच असायचे. पाणी भरलेली लेव्हलची नळी धरून रूळ तपासावा तशी गल्ली तपासायचे आणि मिस्त्रीच्या डोक्याला ताप द्यायचे. खालच्या बाजूला खांब उंच आले, तिथं सावली पडायची आणि गावातल्या बकऱ्या येऊन बसायच्या. आई म्हणाली, "मी म्हणलं होतं नं पहिल्याच दिवशी?" रस्त्यावरून दारापर्यंत छोटा पूल केला, भिंतींचं काँक्रीट उघडंच ठेवलं. येणारेजाणारे बाबांना धीर द्यायचे, "अंकल, कोई बात नहीं, प्लास्टर बाद में करवा लेना." बाबा म्हणायचे, "हव, हव," आणि मी दात खाऊन गप्प बसायची. पण घर माझं होतं. खांबांचं एलिव्हेशन नव्हतं, मोहल्ला बघत नव्हता. घर आडवं पडून तळ्याकडं बघत होतं.

भाद्रपदात आम्ही तिथं होतो. खिडक्यांना पडदे नव्हते, मागच्या दाराला रंग नव्हता, पण आईनं आठवडाभर आधीच देवींवर टांगायचा फराळाचा फुलोरा करायला घेतला होता. नेमकी पावसाळी हवा. सकाळी तिला उठताना भिंत धरावी लागली ते मी पाहिलं. मी पाहिलं हे तिनं पाहिलं. "काही नाही," म्हणाली. "थाळी घास."

कुंकवाची पावलं वहिनीनं काढली, दारापासून गल्लीभर, पार शेवटच्या खोलीपर्यंत आणि परत देवघरापर्यंत. तुळशीपाशी पूजा झाली. आईनं ज्येष्ठा उचलली, वहिनीनं कनिष्ठा. मी थाळी वाजवली.

"कोण आलं?"

"महालक्ष्मी आली!"

"कशाच्या पावलानं आली?"

"सोन्याच्या पावलानं!"

आई चालली. स्वयंपाकघर दाखवलं, कोठी दाखवली, गॅसची शेगडी नवी आहे हेही सांगितलं. आपल्या खोलीत तिनं मुखवटा खिडकीकडं वळवला आणि म्हणाली, "पाह्य माय, तळं." माझ्या खोलीतला पसारा पाहून देवीलाच सांगितलं की पोट्टी ऐकत नाही. गल्ली उतरत होती आणि ती एकसारखी पावलं टाकत होती, दोन्ही हात भरलेले, मान ताठ. माझी थाळी आपोआप जोरात वाजायला लागली. शेवटची खोली भाऊ-वहिनीची. तिथंही सगळं दाखवून झालं. सगळं घर! एकही खोली सुटली नाही. मला वाटलं, जिंकलो.

आता परत वर देवघराकडं. मध्यावर आई थांबली.

मी वळून पाहिलं. तिचे ओठ घट्ट मिटलेले, उजवा पाय जरा उचललेला. वहिनी पटकन म्हणाली, "आई, मुझे दे दो, मैं दोनों ले लूँगी." पण तिचेही हात भरलेले. बाबा पुढून धावत आले, "स्टूल आणू का? त्याच्यावर ठेवू..."

"महालक्ष्मी स्टुलावर ठेवता का? सरका तिकडं." मग माझ्याकडं बघून म्हणाली, "ती थाळी दे त्यांना."

"कशाला?" मी विचारलं.

"हात रिकामे कर."

मला कळलं आणि कळूनही मी तशीच उभी राहिले. "आई, लेकीनं आणली तर लेकीसंगं निघून..."

"मलेच नियम शिकवून राहिली!" ती म्हणाली. "जाऊ दे लेकीसंगं. जिनं घर बांधलं तिच्या मागं गेली, तं जाऊन जाऊन जाईल कुठं? इथंच येईल नं! धर लवकर, हात भरून आले माझे."

मी थाळी बाबांना दिली आणि ओंजळ पुढं केली. तिनं मुखवटा माझ्या हातात ठेवला आणि मी घट्ट धरेपर्यंत आपले हात खालून काढले नाहीत. मला वाटलं होतं त्याहून खूप जड होता तो. इतकी वर्षं ती हे वजन घेऊन हसत हसत घर फिरत होती. माझे डोळे भरून आले आणि पुसायला हातच नव्हता.

बाबांनी थाळी बडवायला सुरुवात केली. ताल नाही, सूर नाही, गाडी सुटायची घंटा वाजवल्यासारखी. "कोण आलं?" त्यांनी विचारलं. मला आजवर विचारायचीच सवय. "बोल नं बापा," आई मागून म्हणाली. मग मी बोलले.

आता तिचे हात मोकळे होते, पण धरायला त्या गल्लीत रेलिंग नव्हतं. ते मीच खोडून टाकलं होतं. तिनं माझा खांदा धरला, आणि आम्ही वर चालायला लागलो.